तंबूसहल, कौटुंबिक

मुलाबाळांसह मोटारीने दूरचा प्रवास करून, वाटेत व मुक्कामाच्या स्थळी तंबूत किंवा कॅराव्हॅनमध्ये राहून घालविलेल्या सुटीस कौटुंबिक तंबूसहल म्हणतात. कमी खर्च, निसर्गाचे सान्निध्य व मुलांना स्वावलंबनाची सवय हे तिचे प्रमुख लाभ होत. हा प्रकार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष रूढ आहे.

इतिहास : आधुनिक तंबूनिवासाचा पाया टॉमस हायरम होल्डिंग (१८४४–१९३०) या इंग्रज शिंप्याने घातला. बालपणी, १८५३ मध्ये, त्याने गाड्यांच्या तांड्याबरोबर अमेरिकेतील गवताळ प्रदेशातून प्रवास केला होता. इंग्लंडमध्ये १९०१ साली सायकलस्वार तंबूनिवासींची संघटना स्थापन झाली; होल्डिंगने १९०८ मध्ये या विषयावर मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये निर्माण झाले व १९१५ मध्ये ते मोटारींना खुले झाले. १९५६ च्या कायद्यान्वये आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीस चालना मिळाली आणि सामान्य कुटुंबाला लांबचा प्रवास सुकर झाला.

नियोजन : शिकागोहून यलोस्टोनला जाण्याचा मार्ग सु. २,२०० किमी. आहे. एकच चालक असल्यास व बरोबर लहान मुले असल्यास हे अंतर चार दिवसांत विभागणे श्रेयस्कर असते. दर दोन तासांनी थांबल्यास चालकाचा शीण कमी होतो व मुलांनाही हातपाय मोकळे करता येतात. साउथ डकोटातील बॅडलँड्स उद्यान व वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर ही स्थळे या मार्गावर वा त्याच्या जवळपास असल्याने टप्पे त्यांच्या अनुरोधाने ठरविता येतात. रोज नवा तळ टाकण्यापेक्षा एका ठिकाणी दोन-तीन रात्री राहणे सोयीचे. कारण तंबू उभारण्यात व आवरण्यात बराच वेळ जातो.

यलोस्टोनमध्ये बारा तळ असून त्यांत दोन हजारांहून अधिक जागा आहेत; तथापि उन्हाळ्यात त्या लवकर भरत असल्याने काही महिने आधी आरक्षण करावे लागते. उद्यानातील बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या प्रारंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मोटारींना बंद असतात. इंग्रजी आठच्या आकाराचा मुख्य मार्ग २२९ किमी. लांबीचा आहे. वेगमर्यादा व रस्त्यावर येणारे गव्यांचे कळप यांमुळे तो एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न करणे इष्ट नव्हे. निघण्यापूर्वी घराच्या अंगणात एक रात्र तंबूत काढून पाहिल्यास गळणारे कापड, तुटलेली खुंटी किंवा अपुरे पांघरूण वेळीच ध्यानात येते. या भागाची उंची बहुतांशी २,१०० मी.पेक्षा अधिक असल्यामुळे भर उन्हाळ्यातही रात्री पारा गोठणबिंदूपर्यंत उतरू शकतो. म्हणून मुलांसाठी लोकरी कपडे बरोबर घेणे आवश्यक ठरते.

सुरक्षितता : प्रवासात तेरा वर्षांखालील मुलांना मागील आसनावर बसवावे व वयाला आणि वजनाला अनुरूप असे बालासन वापरावे. बंद मोटारीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. उन्हात आतील तापमान दहा मिनिटांत सु. ११° से.ने वाढू शकते आणि मुलाचे शरीर प्रौढाच्या शरीरापेक्षा कितीतरी जलद तापते. तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास व रंग नसलेला विषारी वायू साचतो आणि झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. थंडी वाजल्यास पांघरूण वाढवावे, विस्तव आत आणू नये. ओढ्याचे पाणी उकळून प्यावे, २,००० मी.हून अधिक उंचीवर ते किमान तीन मिनिटे उकळत ठेवावे, कारण तेथे पाणी कमी तापमानाला उकळते.

अस्वलांचा वावर असलेल्या प्रदेशात अन्न, खरकटी भांडी, साबण व टूथपेस्ट या वस्तू तंबूत न ठेवता त्या तळाच्या नियमानुसार बंदिस्त ठेवाव्यात. अस्वल व लांडगा यांपासून ९१ मी. आणि गवा, सांबरसदृश एल्क इ. प्राण्यांपासून २३ मी. अंतर राखण्याचा नियम आहे. यलोस्टोनमधील उष्ण झऱ्यांत भाजून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आहेत. झऱ्याभोवतालचा भूकवच वरून घट्ट दिसला, तरी तो पातळ असतो. त्यामुळे फळ्यांच्या वाटेवरून चालताना लहान मुलांचा हात सोडू नये.

मुलांचा सहभाग : नकाशावरील टप्पे मोजणे, खुंट्या धरणे, पाणी आणणे, कचरा गोळा करणे अशी कामे वयानुसार वाटून दिल्यास मुलांचा कंटाळा टळतो व नियमांमागील कारणेही त्यांना उमगतात. पावसाच्या किंवा आजारपणाच्या दिवसासाठी कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा. बेत अपुरा राहिला तरी चालेल, पण थकलेल्या चालकाने रात्री पुढचा टप्पा गाठण्याचा हट्ट धरू नये.

महाराष्ट्रात भंडारदरा, पवना इ. जलाशयांच्या काठी तंबूनिवास लोकप्रिय झाला असून राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. येथेही पाण्यापासून सुरक्षित अंतरावर तळ टाकणे व रात्री मुलांना एकटे काठावर जाऊ न देणे हे नियम तितकेच महत्त्वाचे आहेत.