गाथेच्या घरातली टेनिसपटू

1934चे विम्बल्डन. महिला एकेरीच्या पहिल्या फेरीत मुंबईची बावीस वर्षांची एक मुलगी ग्लॅडिस साउथवेल हिच्याविरुद्ध खेळायला उतरली. पहिला सेट तिने 4-6 असा गमावला. दुसरा लांबतच गेला. टायब्रेक तेव्हा नव्हता. विम्बल्डनला तो आला 1971 मध्ये. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचे, एवढाच नियम. अठराव्या गेमला तो सेट 10-8 असा मुलीच्या पदरात पडला आणि तिसऱ्यात तिने 6-2 असा निकाल लावला. एकूण छत्तीस गेम. विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्या दिवशी लीला राव हे नाव नोंदले गेले.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामोफने तिला हरवले. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली आणि एव्हलिन डिअरमनकडून पहिल्याच फेरीत हरली. म्हणजे विम्बल्डनच्या एकेरीत तिच्या खात्यावर एकच विजय. तरीही मराठी वाचकाने तिच्याकडे थांबून पाहावे, याला कारण तिचे घर आहे.

खुंट आणि डोळा

लीला राव यांचे आजोबा म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. सावंतवाडीकडचे, वेदांचे आणि संस्कृतचे मोठे अभ्यासक. मराठी माणूस त्यांना ओळखतो तो एका ग्रंथामुळे. मुंबई सरकारने 24,000 रुपये मंजूर करून तुकोबांच्या अभंगांची गाथा छापवून घेतली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी तिचे संपादन केले. पहिला खंड 1869 मध्ये आला, दुसरा 1873 मध्ये. देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखितांचा मेळ घालून पाठ ठरवण्याचे ते काम होते, आणि पुढच्या सगळ्या गाथांना त्याचा विचार करावाच लागला. राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद करणारे रणजित पंडित याच घराण्यातले.

शंकर पांडुरंग 1894 मध्ये गेले तेव्हा त्यांची मुलगी, म्हणजे लीलाची आई क्षमा चार वर्षांचीही नव्हती. बालपण नातेवाइकांकडे, ओढाताणीत गेले. लग्न झाले ते मुंबईतले डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी. पंडिता क्षमाबाई राव या नावाने त्यांनी संस्कृतात जे लिहिले, त्यात गांधीजींच्या चळवळीवरची ‘सत्याग्रहगीता’ आहे, ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांची चरित्रकाव्ये आहेत आणि वडिलांचे पद्यचरित्रही आहे. ‘सत्याग्रहगीता’ 1932 मध्ये प्रसिद्ध झाली ती थेट पॅरिसहून. आणि याच क्षमाबाई मुंबई इलाख्यातल्या टेनिस स्पर्धांतही उतरत, जिंकत.

वरूड-शेंदुरजनाघाटच्या माणसाला कलम समजावून सांगावे लागत नाही: खुंट जंभेरीचा, डोळा संत्र्याचा. या घरी खुंट पोथीचा होता आणि त्यावर टेनिसचा डोळा आईनेच बांधला. लीलाने रॅकेट धरली ती घरात आधीच होती म्हणून. खेळायला निघालेल्या मुलीला त्या काळी उंबऱ्यावर जो पहिला नकार मिळायचा, तो तिच्या वाट्याला आला नाही.

हौशी खेळाचा हिशेब

लीला राव ज्या टेनिसमध्ये खेळल्या, ते कागदावर हौशी होते. विजेत्याला चषक मिळे, पैसा नाही. पैसा घेऊन खेळणाऱ्यांना विम्बल्डनचे दार बंद. ते उघडले 1968 मध्ये. त्या वर्षी पुरुष विजेत्याला 2000 पौंड मिळाले आणि महिला विजेतीला 750. त्याआधी बोटीचा खर्च, मुक्काम, महिनोन्महिन्यांची सवड हे सगळे ज्याचे त्याने पाहायचे. त्यामुळे हा खेळ सधन घरांत, सरकारी अधिकाऱ्यांत आणि रेल्वेच्या अँग्लो-इंडियन वसाहतींत फिरत राहिला. लीलाबाईंच्या आधी, 1929 मध्ये, विम्बल्डनला खेळून आलेली जेनी सँडिसन याच अँग्लो-इंडियन समाजातली.

युरोपातही चित्र फार वेगळे नव्हते. कोलोनची सिली औसेम पाहा. अमेरिकेच्या बिल टिल्डनच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या या मुलीने 1931 मध्ये फ्रेंच स्पर्धा आणि विम्बल्डन दोन्ही जिंकल्या. विम्बल्डनचा अंतिम सामना तिच्यात आणि हिल्डे क्राहविंकेलमध्ये, म्हणजे दोन जर्मन मुलींत झाला. पण आजारपणाने औसेमचा खेळ लवकरच मंदावला आणि 1936 मध्ये एका इटालियन सरदाराशी लग्न करून ती खेळातून बाजूला झाली. जर्मनीच्या पुरुषांच्या वाट्याला राजकारण आले. डॅनियल प्रेन ज्यू म्हणून 1933 मध्ये डेव्हिस चषक संघातून वगळला गेला आणि इंग्लंडला निघून गेला. सलग तीन वर्षे विम्बल्डनचा अंतिम सामना खेळलेल्या गॉटफ्रीड फोन क्रामला नाझी सरकारने 1938 मध्ये तुरुंगात टाकले. पैसा नसलेल्या त्या खेळात खेळाडूची कारकीर्द तब्येत, लग्न आणि सरकार यांच्या मर्जीवर चाले.

अमरावतीची दुसरी वाट

लीला राव विम्बल्डनला जिंकल्यानंतर दोनच वर्षांनी, 1936 मध्ये, आपल्या अमरावतीची पोरे बर्लिनला गेली होती. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे ते पथक. ऑलिम्पिकच्या निमित्ताने त्यांनी तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातला खेळ युरोपात पोचला तो आखाड्याच्या वाटेने. क्लबच्या हिरवळीची वाट त्याची नव्हती.

असे का, याचे उत्तर जमिनीत सापडते. कबड्डीला चार रेघा आणि मोकळी जागा पुरते. टेनिसचे कोर्ट 78 फूट लांब, दुहेरीसाठी 36 फूट रुंद, आणि चेंडू टप्पा घेऊन उठणार म्हणून सगळीकडे सारखे सपाट लागते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर कोर्ट करायचे तर आधी ती उकरून काढा, खाली दगड-मुरूम दाबा, वर बारीक मातीचा थर द्या, मग रोज पाणी, रोज रोलर. हिरवळीचे कोर्ट म्हणाल तर एप्रिल-मेच्या उन्हात पाणी पीतच राहणार. वरूड-मोर्शीत तर संत्र्याच्या बागा जगवायला बोअर खोल खोल न्यावे लागतात. एवढा खर्च इंग्रजी अमदानीत साहेबांच्या क्लबने केला आणि म्हणूनच टेनिस जिल्ह्याच्या ठिकाणी, सिव्हिल लाइन्सच्या आसपास राहिले. गावाने त्याकडे पाठ फिरवली असे म्हणणे चूक. गावापर्यंत ते आलेच नाही.

रॅकेट ठेवल्यावर

लीलाबाईंनी अखिल भारतीय स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद एकाहून अधिक वेळा मिळवले. पुढे त्यांचे लग्न सनदी अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी झाले. दयाल सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी होते, नंतर नेपाळमध्ये राजदूत. तिथेच 1964 मध्ये त्यांचे निधन झाले. खेळ सुटल्यावर लीलाबाई आजोबांच्या आणि आईच्या वाटेला लागल्या. आईच्या कथांवरून आणि काव्यांवरून त्यांनी संस्कृतात नाटुकली लिहिली. ‘गणेशचतुर्थी’, ‘बालविधवा’, ‘कपोतालय’ ही त्यांतली काही नावे. त्यांत ‘तुकारामचरित’ही आहे. आजोबांनी तुकोबांचा पाठ ठरवला, आईने त्यांचे चरित्र संस्कृत पद्यात घातले आणि नातीने ते रंगमंचावर आणले. शिवाय भारतीय नृत्यावर त्यांनी ग्रंथलेखन केले.

आजचा व्यावसायिक टेनिसपटू तिशी-पस्तिशीत निवृत्त होतो, तेव्हा पुढे काय हा प्रश्न त्याला छळतो, कारण दहाव्या वर्षापासून त्याने दुसरे काही केलेले नसते. लीलाबाईंना तो प्रश्न पडला नसावा. टेनिस हे त्यांच्या आयुष्याचे एक अंग होते, पोटापाण्याचा धंदा नव्हता. मात्र ही चैन परवडणारी घरे मोजकीच होती, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी कधी?

खुल्या युगात, म्हणजे 1968 नंतर, ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री निरुपमा वैद्यनाथन, 1998 मध्ये, ऑस्ट्रेलियात. लीला रावांच्या विजयानंतर 64 वर्षांनी. 2005 मध्ये सानिया मिर्झाने अमेरिकन स्पर्धेची चौथी फेरी गाठली. महाराष्ट्राकडे पाहिले तर 1994च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत गौरव नाटेकरने लिअँडर पेससोबत दुहेरीचे सुवर्ण मिळवले. त्याचे वडील सांगलीचे नंदू नाटेकर, बॅडमिंटनचे सम्राट, तरुणपणी टेनिसही खेळलेले. 2023 मध्ये हांगझोउला ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले.

आता दार उघडे आहे, पण पायऱ्या महाग आहेत. व्यावसायिक टेनिसच्या तळाच्या स्पर्धेत सगळे मिळून बक्षीस 15 हजार डॉलर असते. पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूच्या हाती येते त्यात प्रवास आणि मुक्कामही भागत नाही. क्रमवारीचे गुण मिळवायला गावोगावच नव्हे, देशोदेशी फिरावे लागते, तेही वर्षानुवर्षे. पूर्वी हा भार घराण्याने उचलला. आज तो आईवडिलांच्या कर्जावर किंवा प्रायोजकावर पडतो.

लीला रावांना ‘पहिली’ म्हणून हार घालणे सोपे आहे. त्यांच्या कहाणीतून घ्यायचे ते वेगळे: गुणाला घर, कोर्ट आणि सवड एकाच वेळी मिळाली म्हणून तो विजय झाला. वऱ्हाडातल्या एखाद्या मुलीला घरचा पाठिंबा आज मिळेलही. काळ्या मातीवर बाराही महिने टिकणारे सिमेंटचे कोर्ट आणि ते शिकवणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी मिळणे हे सार्वजनिक काम आहे. एका सिमेंटच्या कोर्टाला रोजचे पाणी लागत नाही, आणि पाण्याची किंमत जाणणाऱ्या वरूडला हा हिशेब तरी पटायला हरकत नाही.