जबड्यातली गाठ आणि तीन मिनिटांचं औषध

अक्कलदाढ दुखते म्हणून बोईसरच्या एखाद्या दवाखान्यात गेलं की डॉक्टर बहुधा ओपीजी काढून आणायला सांगतात. सगळा जबडा एकाच फिल्मवर दाखवणारा हा एक्स-रे. कधी त्यात दाढेच्या मागे, खालच्या जबड्याच्या कोपऱ्यात, मोठा काळा डाग निघतो. त्या डागाच्या जागी ना सूज, ना ठणका, आणि हाड मात्र आतून पोखरलेलं.

असे डाग अनेक प्रकारच्या गाठींचे असतात. त्यांतली एक फार चिवट गाठ म्हणजे केराटोसिस्ट. दात घडवून झाल्यावर मागे उरलेल्या पेशींतून ती उगवते. हाड बाहेर फुगवण्यापेक्षा ती आतल्या पोकळ भागातून लांबत जाते, त्यामुळे चेहऱ्यावर बराच काळ काही दिसत नाही. तिचं अस्तर जेमतेम सहा ते आठ पेशींच्या थरांचं. ओढताना ते ओल्या कागदासारखं फाटतं, एखादा तुकडा हाडाला चिकटून राहतो. भोवती तिच्या बारीक पिल्लगाठीही असतात. नुसती खरवडून काढलेली ही गाठ जुन्या अभ्यासांत पाव ते निम्म्याहून अधिक रुग्णांत परतलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला सिस्टच्या यादीतून उचलून ट्यूमरमध्ये टाकलं, २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणलं. तज्ज्ञांचाही इतका गोंधळ व्हावा, अशीच तिची वागणूक आहे.

म्हणून गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीकडेच खरं लक्ष द्यावं लागतं. शस्त्रक्रिया करणारे हाडाचा आतला पातळ थर फिरत्या बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, घासून काढतात आणि मग कार्नॉयचं द्रावण लावतात. झाँ-बाप्तिस्त कार्नॉय हे १९व्या शतकातले बेल्जियन पेशीशास्त्रज्ञ. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता याव्यात म्हणून त्या आहेत तशा टिकवणारं हे मिश्रण त्यांच्या नावाने ओळखलं जातं. जबड्यासाठी वापरतात त्यात सहा भाग अल्कोहोल, तीन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग ॲसेटिक ॲसिड आणि वर फेरिक क्लोराइड. तारापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्याला ही नावं परकी नाहीत. फेरिक क्लोराइड तर सांडपाण्यातला गाळ खाली बसवायलाही वापरतात. इथे त्यात भिजवलेली गॉज साधारण तीन मिनिटं पोकळीत दाबून धरतात, उरलेल्या पेशी जागीच मरतात. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस उघडी पडली असेल तर तिला जपावं लागतं, नाहीतर ओठ बधिर राहतो. क्लोरोफॉर्ममुळे कर्करोग होण्याचा संशय असल्याने अनेक ठिकाणी आता ते वगळतात. काही जण कार्नॉयच्या द्रावणाऐवजी फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिलचं मलम गॉजला लावून पोकळीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी काढतात.

गाठ फार मोठी असेल, हाड मोडायची भीती असेल, तर आधी तिला फक्त खिडकी पाडतात आणि छोटी नळी बसवतात. रुग्णाने घरी रोज सिरिंजने सलाइनच्या पाण्याने ती धुवायची, महिनोन्‌महिने. आतला दाब गेला की हाड हळूहळू भरत येतं, अस्तरही जाड होतं आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत अखंड निघतं. मला या उपचाराचं मोल फार वाटतं. यात निम्मं काम रुग्णाच्या हाताने होतं आणि त्याचा जबडा वाचतो. जबड्याचा तुकडाच कापला तर गाठ जवळपास कधीच परतत नाही, पण ती किंमत शेवटी मोजायची.

गाठीचा काढलेला तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे. एक्स-रेवर सारख्या दिसणाऱ्या गाठींत अमेलोब्लास्टोमा हा ट्यूमरही असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा. कोवळ्या वयात एकाहून अधिक केराटोसिस्ट निघाल्या तर गॉर्लिन सिंड्रोमची, म्हणजे आनुवंशिक दोषाची, तपासणी करून घ्यावी.

परतणाऱ्या गाठी बहुतेक पहिल्या पाच वर्षांत दिसतात, काही त्यानंतरही. म्हणून दरवर्षी तपासणी हवी, पण त्यासाठी डहाणू लोकल धरून मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटलला किंवा सीएसएमटीजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जायचं म्हणजे एका दिवसाची रजा आणि मजुरी बुडते. टाके सुकले, दुखणं थांबलं, की पुढची तारीख मागे पडते, आणि मला ते समजतं. पण दरवर्षीचा ओपीजी बोईसर-पालघरकडेही काढता येतो. बायोप्सीचा कागद आणि जुनी फिल्म जपलेली असली की डॉक्टर नवी फिल्म तिच्याशेजारी धरतात आणि भरत आलेल्या हाडाच्या कडेला नवा काळा ठिपका आहे का, ते पाहतात. मुगाएवढा असतानाच तो सापडला तर छोट्या शस्त्रक्रियेवर भागतं.