ट्रकची हवेची नळी

ऊस वाहणाऱ्या आमच्या ट्रकच्या फिल्टरपासून टर्बोकडे जाणारी नळी गंजली, म्हणून आम्हीं ती नवी वेल्ड करवून घेतली. आंत चिकटून राहिलेला लोखंडाचा थेंब सुटला आणि टर्बोचें चक्र मोडलें. हा धडा वाचकांच्या उपयोगीं पडावा, एवढाच हेतु.

टर्बोच्या युक्तीचें पेटंट स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्युखी यांनीं १९०५ सालीं घेतलें. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें व त्याच आंसावरील दुसरें चक्र हवा दाबून इंजिनांत लोटतें. टर्बोच्या अलीकडील नळींत ओढ असते; तेथें बारीक भोंक असलें तरी धूळ न गाळतां आंत शिरते व चक्र, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजविते. पलीकडील नळी गळल्यास जोर घटतो व काळा धूर निघतो.

सबब नळी टर्बोच्या तोंडाहून अरुंद नसावी. वळणें सौम्य असावींत. टोंकांस उंच कडा काढावी, म्हणजे रबर निसटत नाहीं. इंजिन हालतें, म्हणून मध्यें जाड रबराचा सांधा अवश्य पाहिजे. बसविण्यापूर्वीं नळी आंतून कानशीनें घांसून धुवावी. मग टोंकें बंद करून थोडी हवा भरावी व सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडा दिसल्यास सांधा पुन्हां करावा. आम्हीं एवढें केलें असतें, तर टर्बो वांचला असता.