वहीतलं मोडी-भिंग

1993 साली एका दोनशे पानी वहीत मी एक यंत्र काढलं होतं. मूठ असलेलं भिंग, कडेला छोटा दिवा, मुठीत बॅटरी. मोडी कागदावर धरलं की काचेत बाळबोध अक्षरं उमटावीत, ही कल्पना. मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेत शिकलो आणि रेडिओ दुरुस्त करता करता इलेक्ट्रॉनिक्स शिकलो. त्या वर्षी गावातले मोडी वाचणारे शेवटचे गुरुजी वारले आणि आजोबांच्या ट्रंकेतले कागद मुके झाले. त्यात विहिरीच्या वाटणीचा एक कागद होता. त्या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमच्या दोन चुलतघरांत तेव्हाही अबोला होता, आजही आहे.

काळाच्या आधी सुचलेल्या यंत्रांचा शोध मी घेऊ लागलो तो या वहीमुळे. जुलै 1945 च्या 'अटलांटिक मंथली'त व्हॅनेव्हार बुश यांनी 'मेमेक्स' नावाच्या टेबलाचं वर्णन केलं. टेबलाच्या पोटात मायक्रोफिल्मवर पुस्तकं आणि पत्रं, वर पडदे. वाचणाऱ्याने एका पानाला दुसरं पान जोडत जायचं आणि ती पायवाट इतरांसाठी ठेवायची. कपाळावर बांधायचा, अक्रोडाहून थोडा मोठा कॅमेराही त्या लेखात आहे. मेमेक्स कधी बांधला गेला नाही. पण फिलिपिन्समध्ये नौदलात असलेल्या डग्लस एंगलबार्ट या तरुणाने तो लेख वाचला. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने माऊस आणि एकमेकांना जोडलेला मजकूर लोकांसमोर चालवून दाखवला.

त्याच सुमारास ॲलन के यांनी मुलांसाठी वहीएवढा संगणक योजला. हाती यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना केला आणि वजनाचा अंदाज यावा म्हणून त्यात शिशाच्या गोळ्या भरल्या. 1972 मध्ये त्यांनी या 'डायनाबुक'वर निबंध लिहिला. तेव्हा पातळ पडदा नव्हता आणि पुरेशी स्वस्त स्मृतीही नव्हती. कल्पना बरोबर होती, तिला लागणारे सुटे भाग जन्माला यायचे होते.

आपल्याकडचं उदाहरण बंगळुरूच्या 'सिम्प्युटर'चं. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर ही कंपनी यांनी ते हातात मावणारं यंत्र घडवलं. 2001 मध्ये त्याचे नमुने तयार झाले, 2004 मध्ये ते बाजारात आलं. ते भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवू शके. प्रत्येकाजवळ स्वतःचं स्मार्ट कार्ड असलं की एकच यंत्र गावभर वापरता येईल, अशी योजना होती. पण तोवर मोबाइल स्वस्त होऊ लागला होता. वाटून घ्यायच्या यंत्रापेक्षा स्वतःचा फोन लोकांना जवळचा वाटला. इथे सुटे भाग होते, पण वापरणाऱ्यांची गरज दुसऱ्या वाटेने भागत होती.

या तीन गोष्टींवरून मी माझी वही पुन्हा तपासली. भिंग, दिवा, बॅटरी हे सारं आता खिशातल्या फोनमध्ये आहे. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्येही जागा मिळाली. मग अडलं कुठे? मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं जोडत जातात. जुन्या कागदांत दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, संक्षेप मात्र भरपूर. कुठला शब्द कुठे संपला हे डोळ्यांना नुसतं दिसत नाही, अर्थ लावत ठरवावं लागतं. हे यंत्राला शिकवायचं तर कागदाचं छायाचित्र आणि शेजारी जाणकाराने केलेलं वाचन, अशा हजारो जोड्या हव्यात. मी काचेचं माप लिहिलं होतं, पण तिच्यात मजकूर कुठून येणार हे लिहिलंच नव्हतं. यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा सुटा भाग म्हणजे मोडी वाचणारी माणसं, आणि ती दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून चाळिशी उलटल्यावर मी स्वतः मोडी शिकलो. आता नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या घरातले कागद उजेडात सपाट ठेवून टिपतो आणि ओळीखाली ओळ वाचन लिहितो. विहिरीचा कागदही वाचला. सगळा लागला, एक जागा सोडून. जुन्या हिशेबात एक उभा दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा. आमचा हिस्सा जिथे लिहिला आहे, तिथेच कागदाची घडी आहे आणि शाई उडाली आहे. एक दंड स्पष्ट दिसतो. दुसरा होता की नाही, सांगता येत नाही.

दोन्ही घरांना मी हेच सांगितलं. आमच्याकडच्यांना ते आवडलं नाही.

त्या रात्री जुन्या वहीत भिंगाच्या चित्राखाली एक अट वाढवली : जिथे खात्री नाही, तिथे काच कोरी राहिली पाहिजे.