जुन्या काचेची सप्तरंगी साल

संग्रहालयातल्या रोमन अत्तरकुपीवरची मोरपंखी झाक पाहून कारागिराला दाद द्यावीशी वाटते. पण ही झाक त्याची नव्हे. त्याच्या हातून निघाली तेव्हा कुपी बहुधा साधी, फिकट निळसर-हिरवी असणार. रंग आले ते मातीत पुरल्यावर. (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या लुई टिफनीने मात्र अशी झाक भट्टीत मुद्दाम आणली आणि ती महाग विकली.)

मग कुपीवरची ही झाक म्हणजे मळ का? तोही नाही. पाणी काचेचं काही बिघडवत नाही, हा समज पाण्याच्या पेल्यापुरता ठीक. शेकडो वर्षांच्या ओलाव्याची गोष्ट वेगळी. रोमन काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना यांचा वितळवून केलेला रस. ओलाव्यातले हायड्रोजनचे आयन तिच्यात शिरतात, सोडियम बाहेर पडतं आणि मागे सिलिकाचा सच्छिद्र पापुद्रा उरतो. अशा अतिपातळ पापुद्र्यांची चळत झाली, की त्यांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून काही रंग उठावदार होतात, काही विझतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतं ते हेच. म्हणजे ही साल काचेचीच आहे. ती घासून कुपी ‘स्वच्छ’ करणाऱ्याने तिचा मूळ पृष्ठभागच फेकून दिला म्हणायचा.

सगळ्यात मोहक गैरसमज मात्र संशोधकांचा. झाडाच्या वर्तुळांसारखे हे थर मोजून काच किती वर्षं पुरलेली होती ते सांगता येईल, असं ब्रिल आणि हूड यांनी 1961 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. काही नमुन्यांत आकडे जुळलेही! पण पुढे प्रयोगशाळेत, परिस्थिती न बदलताही थर बनलेले दिसले. ना उन्हाळा, ना पावसाळा, तरी थर. मग वर्षं कशाची मोजायची?

जुनी काच जास्त झिजते, हेही खरं नाही. लाकडाच्या राखेतल्या पोटॅशपासून केलेली युरोपातली मध्ययुगीन चर्चची तावदानं कितीतरी जुन्या रोमन काचेपेक्षा लवकर खराब होतात. नवी तावदानंही दमट हवेत एकावर एक रचून ठेवली तर पांढुरकी पडतात. म्हणून मध्ये कागद घालतात.

काच कशी झिजते, हा प्रश्न आजचाही आहे. तारापूरला अणुकचरा बोरोसिलिकेट काचेत कोंडला जातो. हजारो वर्षांत त्या काचेवर अशी साल किती वेगाने चढेल, याचा अंदाज बांधताना जगभरचे अभ्यासक समुद्रतळाशी सापडलेली रोमन काचही तपासतात.