घर पडले, सांगाडा उभा राहिला : माळवदाचे विज्ञान

एप्रिलच्या भर दुपारी धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या जुन्या माळवदात शिरलो की पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. मग डोळे अंधाराला सरावतात आणि छतातल्या साण्यातून पडणाऱ्या उजेडात लाकडी खांबांच्या रांगा दिसू लागतात. या खांबांकडे आज आपण जरा लक्ष देऊन पाहू या. एका मोठ्या अपघाताचे कोडे त्यांच्यात दडलेले आहे.

माळवद म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर. दगडी तळखड्यावर खांब उभा करायचा, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल आणि वाळवी लवकर लागत नाही. खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या. जोडाच्या ठिकाणी सुतार एका लाकडाला कुसू काढतो आणि ते दुसऱ्याच्या भोकात ठोकून बसवतो. खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. घर किती मोठे, हे किती खणांचे यावरून सांगण्याची पद्धत त्यातूनच आली. फळ्यांवर शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर येतो. ही चिकण माती पाणी सहसा मुरू देत नाही, आणि तिचा थर उन्हाची उष्णता आत पोचायला फार वेळ लावतो.

पाऊस बेताचा, ऊन कडक आणि लाकूड महाग असलेल्या प्रदेशाने शोधलेला हा उपाय आहे. दक्षिण पोलंडच्या डोंगराळ भागात परिस्थिती नेमकी उलट. तिथे जंगल भरपूर आणि बर्फही भरपूर. म्हणून तिथले सुतार ओंडक्यांवर ओंडके रचून भिंतीच लाकडाच्या करत आणि बर्फ घसरून जावा म्हणून छप्पर तीव्र उताराचे ठेवत. कोपऱ्यावर ओंडक्यांना खाचा पाडून ते एकमेकांत अडकवलेले असतात. कोपऱ्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. मग इतकी माणसे का दगावली?

पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली. अनेक घरांच्या भिंती कोसळल्या होत्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा छतासह उभा होता. जिथे खांब नव्हते आणि तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छतही खाली आले.

दोष मुख्यतः दोन होते. पहिला भिंतीचा. ही भिंत बाहेरून एक दिसली, तरी आतून दोन असतात : बाहेरच्या दगडांची एक, आतल्या दगडांची दुसरी आणि मधे चिपा व माती. दोघींना बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. कोपऱ्यातही दोन भिंती एकमेकींत गुंतलेल्या नसत. हादरा बसताच भिंत फुगली, उकलली आणि कोसळली.

दुसरा दोष वजनाचा. छत गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. समजा, खण २ मीटर लांब व २ मीटर रुंद आहे आणि थर अर्ध्या मीटरचा. माती २ घनमीटर झाली. घनमीटरला १६०० किलो धरले, तर एकाच खणावर ३२०० किलो! थर १५ सेंटिमीटर ठेवला, तर हाच भार ९६० किलो होतो. जमीन हलते तेव्हा घरावर येणारे आडवे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. काळजीपोटी टाकलेली मातीच अशी जिवावर उठली.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. खराट्याच्या चार सारख्या काड्यांचा चौरस करा, कोपरे दोऱ्याने बांधा आणि वरची काडी बाजूला ढकला. चौरस कलंडतो. आता एक काडी तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधा आणि पुन्हा ढकला. त्रिकोणाचा आकार सहजी बदलत नाही. माळवदाच्या सांगाड्यात अशा तिरक्या आधारांचीच उणीव होती. काश्मीरच्या जुन्या धज्जी-देवारी घरांत ते असतात.

म्हणजे दुरुस्तीचा मार्ग अवघड नव्हता : छतावरची जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड घालणे, कोपरे गुंतवणे, दारांच्या वरून सलग पट्टा फिरवणे आणि सांगाड्याला तिरके आधार देणे. भूकंपानंतर तज्ज्ञांनी असेच उपाय सुचवले. पण लोकांच्या मनात भीती बसली ती दगडमातीच्या साऱ्या घराची. खण उभा करणाऱ्या सुतारांचे कामही त्याबरोबर आटत गेले.

आपल्या गावात माळवद उरले असेल, तर मुलांना घेऊन मालकांच्या परवानगीने ते पाहा. भिंत फुगलेली असेल, तर मात्र बाहेरूनच पाहा. खण मोजा, मातीच्या थराची जाडी विचारा, वजन काढा. खांब तुळईला कसा जोडला आहे, हे एखाद्या म्हाताऱ्या सुताराला विचारून वहीत उतरवून घ्या. पुढचे घर सिमेंटचे असो की मातीचे, कोपरा गुंतलेला आहे का आणि डोक्यावर वजन किती आहे, हे दोन प्रश्न त्यालाही विचारावेच लागतील.