बायबलमधल्या स्त्रिया : हुल्दाच्या दारी

मागच्या आठवड्यात आपण खजुरीच्या झाडाखाली बसून न्यायनिवाडा करणारी दबोरा पाहिली. सैन्य, रथ, विजयगीत, सगळंच तिच्या कथेत भव्य. संदेष्ट्री हुल्दाच्या वाट्याला ‘दुसरे राजे’च्या २२व्या अध्यायातली जेमतेम सात वचनं आली आहेत. मला मात्र ती दबोराइतकीच मोठी वाटते.

गोष्ट इ. स. पूर्व ६२२च्या सुमाराची. यहूदाचा राजा योशीया आठव्या वर्षी गादीवर बसला होता, आता सव्वीसचा होता. यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालली होती. सुतार, गवंडी कामाला लागले होते आणि त्या गडबडीत मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा गाभा तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. चिटणीस शाफानाने तो राजाला वाचून दाखवला. ऐकून राजाने अंगावरची वस्त्रं फाडली.

एवढ्या वर्षांत जे पाळलंच नाही, त्याचे परिणाम आता काय? परमेश्वराला विचारून या, म्हणून राजाने पाच जणांना पाठवलं : हिल्कीया, शाफान, अहीकाम, अखबोर आणि राजसेवक असाया. यिर्मया संदेष्टा म्हणून पाच वर्षांपूर्वीच उभा राहिलेला होता. तरी हे पाच जण गेले ते दुसऱ्या पेठेत, वस्त्रागार सांभाळणाऱ्या शल्लूमच्या घरी, त्याची बायको हुल्दा हिच्याकडे. बाईमाणसाकडे का, याचा खुलासा मजकुरात कुठेच नाही. लिहिणाऱ्याला तो द्यावासाच वाटलेला नाही.

पुढे तालमुदमध्ये रब्बींना हा प्रश्न पडला. कुणी म्हणालं, स्त्रिया कनवाळू असतात म्हणून. कुणी म्हणालं, यिर्मया त्या वेळी गावाबाहेर होता. मला दोन्ही कारणं पटत नाहीत, कारण हुल्दाच्या उत्तराची सुरुवात मुळीच कनवाळू नाही. ती आधी राजाला राजासुद्धा म्हणत नाही. ज्या माणसाने तुम्हाला माझ्याकडे पाठवलं, त्याला जाऊन सांगा, असं म्हणते. ग्रंथात लिहिलेलं सगळं अरिष्ट या नगरावर येणार आहे. त्यानंतर दिलाशाची गोष्ट आली, की ‘ज्या यहूदाच्या राजाने तुम्हाला पाठवलं’ असं ती म्हणते : तुझं मन द्रवलं, तू रडलास, म्हणून हे तुला डोळ्यांनी पाहावं लागणार नाही. त्या पाच जणांत मुख्य याजक स्वतः उभा होता आणि ग्रंथ खरा की खोटा, हे सांगत होती ती.

इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. बायबल मराठीत आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर हातावेगळं झालं आणि १९२२मध्ये त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मजकुराचे खिळे जुळवले तेही बायकांनीच. म्हणजे हुल्दाची ही सात वचनंसुद्धा बायकांच्याच हातांनी अक्षर अक्षर जुळली.

राजाने हुल्दाचं म्हणणं मानलं. लोकांना गोळा करून ग्रंथ वाचला, नव्याने करार केला, मंदिरातल्या इतर दैवतांच्या वस्तू जाळल्या, वल्हांडण पाळला. पण राजा शांतीने आपल्या थडग्यात जाईल, असंही ती म्हणाली होती. इ. स. पूर्व ६०९मध्ये मगिद्दोजवळ फारो नखोने त्याला मारलं. श्रद्धेने वाचणाऱ्याला हे बोचतं, मलाही बोचतं. ज्यांनी हा इतिहास लिहिला त्यांनी तिचे शब्दही बदलले नाहीत आणि मगिद्दोही लपवलं नाही. दोन्ही गोष्टी लागोपाठच्या अध्यायांत आहेत. आणि इ. स. पूर्व ५८६मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, तेव्हा ते पाहायला योशीया नव्हता.